संत फ्रान्सिसचे सृष्टिस्तोत्र

संकटाच्या काळात माणसाला निसर्गाची ओढ लागते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. मन उद्विग्न झाले म्हणजे मनुष्य नदीकाठी जाऊन बसतो, अंगणातल्या झाडाकडे उगाच पाहत राहतो, आणि त्याला थोडे बरे वाटते. परंतु या ओढीविषयी एक रास्त शंकाही घेता येते. शेजारचे घर जळत असता चांदण्याचे कौतुक करणे, ही पळवाट नव्हे काय? ख्रिस्ती परंपरेने या शंकेचे जे उत्तर दिले आहे, ते एका स्तोत्राच्या जन्मकथेतून उत्तम प्रकारे कळते. इटलीतील असिसी गावचे संत फ्रान्सिस यांनी ते १२२५ साली रचले. २०२५ साली त्याला आठशे वर्षे पूर्ण झाली.

फ्रान्सिस हे एका संपन्न कापडव्यापाऱ्याचे चिरंजीव. तो काळ इटलीतल्या नगरांच्या आपसांतील लढायांचा होता. १२०२ साली असिसी आणि पेरुजा यांच्या लढाईत ते पकडले गेले आणि सुमारे वर्षभर कैदेत राहिले. पुढे घरदार सोडून त्यांनी दारिद्र्याचे व्रत घेतले. १२१९ साली धर्मयुद्धाच्या धामधुमीत ते इजिप्तमध्ये गेले आणि निःशस्त्र स्थितीत सुलतान अल्-कामिलला भेटले. तेथून परतल्यावर त्यांच्या डोळ्यांचे दुखणे वाढत गेले. ज्या वेळी हे स्तोत्र रचले, त्या वेळी ते असिसीजवळच्या सान दामियानो येथे एका झोपडीत पडून होते. दृष्टी जवळजवळ गेलेली. उजेड मुळीच सोसत नसे. रात्री उंदरांच्या उपद्रवाने झोप येत नसे. अशा अवस्थेत त्यांनी पहिली स्तुती केली ती सूर्याची! जो प्रकाश डोळ्यांना बोचत होता, त्यालाच त्यांनी बंधू म्हटले. तेव्हा हे स्तोत्र सुखवस्तू माणसाचे निसर्गवर्णन नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

सूर्यामागून चंद्र व तारे, वारा, पाणी, अग्नी आणि धरती अशी स्तुतीची मालिका चालते. इटालियन भाषेत चंद्र स्त्रीलिंगी आहे, म्हणून तो भगिनी. वारा आणि अग्नी हे बंधू. धरती ही भगिनीही आणि माताही. पाखरांशी बोलणारे संत म्हणून फ्रान्सिस यांची ख्याती असली, तरी या स्तोत्रात एकही पाखरू किंवा पशू नाही, ही गोष्ट विशेष आहे. येथे आहेत ती केवळ ज्यांच्या आधारे सारे जगतात ती मूलतत्त्वे. पाण्याला ते उपयुक्त, विनम्र आणि निर्मळ म्हणतात. ही विशेषणे एखाद्या घरातल्या कष्टाळू बहिणीला शोभावीत अशी आहेत.

मात्र फ्रान्सिस सूर्याची पूजा करीत नाहीत. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे सृष्टी ही ईश्वर नव्हे, ती ईश्वराची निर्मिती होय. म्हणून प्रत्येक कडव्यात संबोधन आहे ते परमेश्वराला. सूर्य आणि मनुष्य ही एकाच पित्याची लेकरे, आणि म्हणूनच ती भावंडे. या विचाराचे मूळ बायबलातच आहे. रानातल्या फुलांकडे आणि आकाशातल्या पाखरांकडे पाहा, असे येशूने आपल्या गिरिप्रवचनात सांगितले, तेही परकीय सत्तेखाली पिचणाऱ्या गोरगरिबांना. आणखी मागे जावे, तर दानिएलाच्या ग्रंथात, कॅथलिक परंपरेतील पाठाप्रमाणे, धगधगत्या भट्टीत टाकलेले तीन तरुण पाऊस, दहिवर, डोंगर, झरे अशा साऱ्या सृष्टीला स्तवनासाठी हाक घालतात. आगीच्या आत उभे राहून केलेली ही स्तुती फ्रान्सिस यांच्या नित्याच्या प्रार्थनेतली होती.

स्तोत्राचा पुढचा इतिहास तर अधिक बोधप्रद आहे. त्याच सुमारास असिसीचा बिशप आणि नगराचा मुख्य अधिकारी यांच्यात कडाक्याचे वैर पेटले. एकाने दुसऱ्याला धर्मबहिष्कृत केले. दुसऱ्याने त्याच्याशी कोणी देवघेव करू नये, असा हुकूम काढला. फ्रान्सिस यांनी स्तोत्रात क्षमा करणाऱ्यांच्या स्तुतीचे एक कडवे नव्याने घातले आणि आपल्या सोबत्यांना त्या दोघांसमोर ते गाण्यास पाठविले. गायन ऐकून उभयतांचे मन द्रवले व समेट झाला, असे त्यांच्या सोबत्यांनी नमूद करून ठेवले आहे. सूर्य आणि पाणी आपले भाईबंद असतील, तर शेजारचा मनुष्य परका कसा? निसर्गस्तुतीतून शांतीकडे जाण्याची वाट ही अशी सरळ आहे. शेवटचे कडवे त्यांनी मरणकाळ जवळ आल्यावर रचले आणि त्यात मृत्यूलाही भगिनी म्हटले. ३ ऑक्टोबर १२२६ रोजी त्यांचे देहावसान झाले.

हे स्तोत्र विद्वानांच्या लॅटिनमध्ये नसून उम्ब्रिया प्रांतातल्या लोकांच्या बोलीत आहे. त्यानंतर शंभर वर्षांच्या आत, १२९० साली, आपल्याकडे ज्ञानेश्वरी लोकभाषेत अवतरली. वनातल्या झाडांशी सोयरीक सांगणाऱ्या तुकोबांच्या वाचकाला फ्रान्सिस यांची ही भावंडे परकी वाटण्याचे कारण नाही. मराठीत या दोन्ही परंपरांचा संगम रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या ठायी झाला. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यापायी पत्नी लक्ष्मीबाई यांच्यापासून काही वर्षे ताटातूट झाली. तरीही अभंगातून ख्रिस्ताची भक्ती गाणारा हा पुरुष फुलामुलांचा कवी म्हणूनच महाराष्ट्राच्या स्मरणात राहिला.

२०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी पृथ्वीच्या रक्षणाविषयी जे परिपत्रक काढले, त्याचे नाव याच स्तोत्राच्या ध्रुपदावरून घेतलेले आहे. नद्या दूषित होत असताना ते योग्यच झाले. ज्या पाण्याला बहीण म्हणायचे, त्यात घाण कशी सोडावी? पण या स्तोत्राचा उपयोग तेवढाच नाही. कृतज्ञता ही दुःख सरल्यावर फेडायची बाकी नव्हे. दुःखातही माणसाला तोल सावरण्यास ती बळ देते. डोळे मिटत चाललेल्या एका संताने सूर्याचे आभार मानले आणि त्याच गीताने दोन वैऱ्यांना एकत्र आणले. निसर्गाकडे वळणे ही पळवाट आहे की नाही, हे आपण तेथून कोणते मन घेऊन माणसांत परततो, यावर ठरते.