ट्रायथ्लॉनच्या तयारींत एकेरी शर्यतींचें स्थान

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या आठवड्यांत आमचा एक माजी विद्यार्थी आम्हांस भेटावयास आला. नुकताच तो गोव्याच्या 'आयर्नमॅन ७०.३' स्पर्धेंत उतरला होता. १.९ किलोमीटर समुद्रांत पोहणें, लगेच ९० किलोमीटर सायकल आणि शेवटीं २१.१ किलोमीटर धांवणें असा तिचा क्रम असतो. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर ती २०१९ सालीं प्रथम झाली. धांवण्याच्या बाराव्या किलोमीटरावर आमच्या विद्यार्थ्याच्या मांड्या आखडल्या व त्यास शर्यत सोडावी लागली. थोड्याच आठवड्यांपूर्वीं त्यानें साताऱ्याच्या डोंगरी अर्धमॅरेथॉनमध्यें जीव तोडून धांव घेतली होती. "सर, नुसत्या पोहण्याच्या, नुसत्या धांवण्याच्या शर्यती आतां सोडूनच देऊं काय?" हा त्याचा प्रश्न. वर्षभराची मेहनत व गांठची बरीच रक्कम खर्चून बसलेल्या मनुष्यास तडकाफडकीं उत्तर देणें आम्हांस बरें वाटलें नाहीं.

वास्तविक आयर्नमॅनचा जन्मच एकेरी शर्यतींच्या पोटीं झाला आहे. हवाई बेटांपैकीं ओआहू येथें वायकीकीची पोहण्याची, बेटाभोंवतींची सायकलची आणि होनोलुलूची मॅरेथॉन अशा तीन निराळ्या शर्यती होत असत. जॉन कॉलिन्स नांवाच्या नौदलाच्या अधिकाऱ्यानें १९७८ सालीं त्या एकाच दिवसांत जोडल्या. १५ जण निघाले, त्यांतील १२ शेवटास गेले.

एकेरी शर्यतीचा पहिला उपयोग म्हणजे खरें माप. ट्रायथ्लॉनमध्यें धांवण्याचा जो वेळ लागतो त्यांत सायकलीचा शीण मिसळलेला असतो. समजा, एकास शेवटचे १० किलोमीटर धांवावयास ६० मिनिटें लागलीं. दोष पायांचा कीं सायकलीवर केलेल्या उतावळेपणाचा, हें त्या आंकड्यावरून कळत नाहीं. तोच मनुष्य ताज्या दमानें नुसत्या १० किलोमीटरांच्या शर्यतींत उतरला व तेथेंहि त्यास ५८ मिनिटें लागलीं, तर त्याचें धांवणेंच मंद आहे. परंतु ४८ मिनिटांत तो पोंचला, तर पाय चांगले असून सायकलीवर जोर फार झाला, अथवा खाण्यापिण्यांत चूक झाली. पहिल्यानें धांवण्याचा अभ्यास वाढवावा. दुसऱ्यानें तो वाढविल्यास केवळ श्रम वाढतील, दोष राहील. ब्रिटनचा अ‍ॅलेक्स यी २०१८ सालीं १०,००० मीटर धांवण्यांत राष्ट्रीय विजेता झाला, तेव्हां त्यास २७ मिनिटें ५२ सेकंद लागले. २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिक ट्रायथ्लॉनमध्यें न्यूझीलंडचा हेडन वाइल्ड धांवण्यांत पुढें निघून गेला असतां यीनें त्यास अगदीं शेवटीं गांठलें व ६ सेकंदांनीं सुवर्णपदक जिंकलें.

पोहण्याचें माप तलावांत नीटसें मिळत नाहीं. तेथें दर फेरीस भिंतीला पाय लावून जोर घेतां येतो आणि तळाची रेषा वाट दाखविते. समुद्रांत भिंत नाहीं, रेषा नाहीं. वरचेवर डोकें उचलून खूण पाहावी लागते आणि शेजाऱ्याचा हात तोंडावर बसतो तो निराळाच. मालवणास चिवला किनाऱ्यावर डिसेंबरांत समुद्रांतील पोहण्याच्या शर्यती होतात, त्या या कामीं उत्तम. शिवाय पोहण्यांत शरीराचा भार पाणी झेलतें, म्हणून थकवा थोडक्या दिवसांत उतरतो.

सायकलीच्या शर्यतींत मात्र एक भेद पाहावा. घोळक्यानें चालणाऱ्या शर्यतींत पुढच्याच्या आडोशानें वाऱ्याचा जोर चुकवितां येतो. गोव्यास तें निषिद्ध आहे. तेव्हां घोळक्यांत धीटपणा येईल, माप कळणार नाहीं; मापासाठीं एकट्यानें घड्याळाविरुद्ध सायकल मारावी.

आतां साताऱ्याची गोष्ट. तेथें यवतेश्वराचा घाट चढून कासच्या रस्त्यानें जावयाचें आणि त्याच वाटेनें उतरून यावयाचें. लोक चढणीस भितात, पण चढणीनें दम लागतो तो लौकर ओसरतो. उतारावर मांडीचा स्नायु ताणला जात असतांनाच दर पावलास सर्व भार अडवून धरतो, आणि त्यामुळें त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. ती भरून येण्यास बराच अवधि लागतो. आमच्या विद्यार्थ्यानें ती भरून येण्याआधींच पुन्हां जोराचा सराव आरंभिला होता. हीच शर्यत मुख्य स्पर्धेपासून सहा महिने दूर असती, तर तिनें त्याचें हितच केलें असतें.

म्हणून आम्हीं त्यास वर्षाचा कागद उलटा मांडावयास सांगितलें. गोव्याची स्पर्धा ऑक्टोबर-नोव्हेंबरांत येते. तेथून मागें मोजावें. जानेवारींत मुंबईची मॅरेथॉन असते, तीत वाटेल तितका जोर करावा. पुढें नऊ-दहा महिने हातीं आहेत. उन्हाळ्यांत सायकल. शेवटच्या दोन महिन्यांत लहान शर्यती तेवढ्या घ्याव्या, आणि त्याहि सरावाचा एक कठीण दिवस समजून. प्रत्येक शर्यतीची किंमत तिच्या एका दिवसानें फिटत नाहीं. आधींचे विश्रांतीचे दिवस व मागचे थकव्याचे दिवसहि हिशेबांत धरावे लागतात. साताऱ्यास जावयाचेंच असेल, तर चढ जोरानें चढून उतार सावकाश उतरावा.

"सर, उतारावर मागचे सगळे पुढें निघून जातील," तो म्हणाला.

"जाऊं द्यावे," आम्हीं म्हटलें.

डिसेंबरांत तो चिवल्यास पोहून आला. खाऱ्या पाण्यानें डोळे लाल झाले होते, वाटहि दोनदां चुकली; पण दुसऱ्याच दिवशीं तो कामावर हजर झाला. साताऱ्याविषयीं विचारलें असतां अजून तो नुसता हंसतो.