हमालाच्या अब्रूला कलम कोणते?

पिंपळगाव बसवंतच्या बाजारात हंगामात कांद्याच्या गोण्या आणि टोमॅटोचे क्रेट उचलणारे हात दिवसभर थांबत नाहीत. द्राक्षाच्या दिवसांत पेठ-सुरगाण्याकडची माणसे निफाड तालुक्यातल्या बागांत राबायला येतात आणि कामाच्या जागीच मुक्काम करतात. अशा ठिकाणी एखाद्या हमालाच्या, ट्रकवरच्या क्लीनरच्या अंगाला मुकादमाने नको तिथे हात लावला, चारचौघांत त्याची चड्डी ओढली, रात्री त्याच्या अंथरुणात शिरला, तर त्या प्रकाराला नाव काय? मस्करी! सारे हसतात. तोही हसतो, कारण उद्याची हजेरी त्याच मुकादमाच्या वहीत लागायची असते.

पुरुषाचाही लैंगिक छळ होतो, हेच मुळात आपला समाज मान्य करीत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2021 साली 121 देशांतल्या कामगारांची पाहणी केली. कामावर लैंगिक छळ सोसल्याचे 8.2 टक्के स्त्रियांनी सांगितले, तसेच 5 टक्के पुरुषांनीही सांगितले. हे झाले तोंड उघडलेले. गिळून बसलेल्यांची मोजदाद कोण करणार? बाई बोलली की तिच्या चारित्र्यावर शिंतोडे आणि पुरुष बोलला की तो 'बायल्या'! दोन्ही शिव्या एकाच पुरुषी टाकसाळीत पाडलेल्या आहेत.

अमेरिकेत जोसेफ ऑन्केल नावाचा कामगार समुद्रातल्या तेलविहिरीवर होता. त्याला छळणारे सोबतचे पुरुषच होते, त्यात वरिष्ठही होते. त्याने तक्रार केली, कोणी दखल घेतली नाही, शेवटी नोकरी सोडली. पुरुषाने पुरुषाला छळले तर कायदा लागत नाही, असे खालच्या न्यायालयांनी सांगितले. 1998 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ते मत खोडून काढले.

आपल्याकडे काय आहे? 2013 चा कामाच्या ठिकाणच्या छळाचा कायदा फक्त महिलेची तक्रार घेतो. भारतीय न्याय संहितेचे कलम 75 ही स्त्रीपुरतेच. जुन्या दंड संहितेत पुरुषावरच्या बळजबरीसाठी निदान 377 कलम तरी उरले होते. 1 जुलै 2024 पासून नवी संहिता आली आणि तेही गेले. आता मारहाण, धमकी अशी कलमे लावायची. 2012 चा पोक्सो कायदा मुलगा-मुलगी असा भेद करीत नाही. म्हणजे क्लीनर सतरा वर्षांचा असेपर्यंत त्याला कायदा आहे, अठरा भरले की त्याच ट्रकमध्ये, त्याच माणसासमोर तो उघडा! कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला मात्र 2016 च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी तक्रारीची सोय दिली. शिकलेल्याला दार आणि गोणी उचलणाऱ्याला भिंत, हा कुठला न्याय?

इथे एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे. 'पुरुषांवर अन्याय' म्हणून गळे काढणारी आणि बायकांचे कायदे मोडीत काढू पाहणारी टोळी आमची नव्हे. राजस्थानात बालविवाह रोखायला गेलेल्या भंवरीदेवीवर 1992 मध्ये सामूहिक बलात्कार झाला, त्यातून 1997 चा विशाखा निकाल आला. त्या हक्काची एक वीटही हलता कामा नये. संविधानाच्या 15(3) ने स्त्रियांसाठी खास तरतुदीची मुभा दिलीच आहे. पण जीविताचा हक्क देणारे कलम 21 'व्यक्ती' म्हणते. हमाल ही व्यक्ती नाही काय?

अॅट्रॉसिटी कायद्याने हे कधीच ओळखले आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचे कपडे बळजबरीने उतरवणे हा कलम 3 खाली गुन्हा आहे, मग तो पुरुष असो वा स्त्री. पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी मजुराला हे कोणी सांगितले आहे का? तिथेही आरोपी त्याच प्रवर्गातला असला तर हा कायदा चालत नाही.

संसदेने पुरुष कामगारासाठी आणि तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र तरतूद करावी. तोवर बाजार समित्यांनी एवढे तरी करावे: तक्रार ऐकायला मुकादमाच्या हाताखालचा नसलेला माणूस बसवावा, आणि तक्रार केली म्हणून ज्याची हजेरी तुटेल त्याची मजुरी भरून द्यावी.