ऐकू येते, पण समजत नाही

आमचे आप्पा मुंबईच्या एका कापड गिरणीत रिंग खात्यात २७ वर्षे कामाला होते. घरी ते फारसे बोलत नसत. हाक मारली तर "काय?" म्हणत आणि तेच वाक्य मोठ्याने सांगितले की "ओरडता कशाला?" म्हणून चिडत. आप्पांचा स्वभावच तिरसट, असे आम्ही भावंडांनी ठरवून टाकले होते. २०१९ साली त्यांच्या कानांची तपासणी झाली, तेव्हा दोष स्वभावाचा नसून कानाचा असल्याचे कळले. मधली वीस-पंचवीस वर्षे मात्र गेली ती गेलीच.

आपल्या अंतर्कर्णात शंखासारखा वळलेला एक भाग असतो. त्यात प्रत्येक कानात सुमारे १५,००० सूक्ष्म केशपेशी असतात. आवाजाच्या लहरींचे रूपांतर मेंदूला समजणाऱ्या संदेशात करण्याचे काम त्या करतात. सततच्या गोंगाटाने त्या मरतात आणि एकदा मेल्या की माणसाच्या शरीरात पुन्हा उगवत नाहीत. यावर औषध नाही. कानात गरम तेल घालून तर मुळीच उपयोग नाही.

प्रथम जातात ते बारीक, उंच पट्टीचे आवाज. 'स', 'फ', 'थ' अशी व्यंजने त्याच पट्टीतली. त्यामुळे आवाज येतो, शब्द उमटत नाही. आमच्या बँकेच्या काउंटरवर हे रोज दिसते. मी काचेमागून 'साठ' म्हणतो, समोरच्या आजोबांना 'आठ' ऐकू येते आणि वाद सुरू होतो. ओरडल्याने स्वर तेवढे मोठे होतात, व्यंजने त्याखाली आणखी दबतात. म्हणून मी आता आकडा चिठ्ठीवर लिहून दाखवतो. घरीही समोर येऊन, उजेडात तोंड दिसेल असे, सावकाश बोलावे. टीव्ही आधी बंद करावा. एखादे वाक्य कळले नाही तर तेच पुन्हा न म्हणता शब्द बदलून सांगावे. "जाऊ दे, काही नाही" असे तर कधीच म्हणू नये. ऐकू न येणाऱ्याला त्याइतके दुसरे काही लागत नाही.

विद्यार्थी मित्रांसाठी थोडे स्पष्ट लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो, परंतु दर ३ डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती जेमतेम २० मिनिटांवर येते. आपल्या जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे आपली मुले चार-चार तास नाचतात. आप्पांना पोटासाठी गोंगाटात उभे राहावे लागले. आपण वर्गणी काढून तो विकत आणतो! रात्री कानात शिट्टी वाजत राहिली तर कानाला इजा झाली असे समजावे. सकाळी ती थांबली म्हणजे सर्व भरून निघाले असे नाही. बॉक्सपासून लांब राहावे, कानात इअरप्लग घालावेत, मोबाइलचा इअरफोन निम्म्याच्या फार वर नेऊ नये. मळ काढण्यासाठी काडी, पिन, किल्ली कानात घालू नये. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जावे. त्यात उपचाराला उशीर चालत नाही.

वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत श्रवणचाचणी होते. केंद्र सरकारच्या अॅडिप योजनेखाली पात्र व्यक्तींना श्रवणयंत्रही मिळू शकते. यंत्र लावले की लगेच सर्व सुरळीत होते, असे मात्र नाही. आप्पांना पहिले काही आठवडे भांड्यांचा आवाजही सहन होईना; दोनदा तर त्यांनी यंत्र कपाटात ठेवून दिले. रोज थोडा थोडा वेळ लावून सवय झाली.

आता विहारात ते पहिल्या रांगेत, बोलणाऱ्याचा चेहरा दिसेल असे बसतात. यंत्राचा सेल मीच बदलतो. तो एवढासा असतो की त्यांच्या बोटांत धरवत नाही.