घंटा वाजविणारे पाहुणे

देवळात गेलो की आपण हात वर करतो आणि घंटा वाजवितो. घंटा जागेवरच राहते. आतला लोलक तेवढा हलतो. इंग्लंडातल्या जुन्या चर्चमध्ये तसे नाही. तेथे सबंध घंटाच फिरते. ते कसे, ते आपण पाहू.

चर्चच्या मनोऱ्यात वर घंटा बसविलेल्या असतात. प्रत्येक घंटेला एक मोठे चाक असते. चाकावरून दोर खाली येतो. खाली माणसे गोल करून उभी राहतात. एक माणूस, एक दोर. आधी घंटेचे तोंड वर करून ठेवतात. दोर ओढला की घंटा एक पुरा फेरा घेते, एक ठोका देते आणि पुन्हा तोंड वर करून क्षणभर थांबते. म्हणून टनभर वजनाची घंटाही एक माणूस वाजवू शकतो. काम जोराचे नाही, वेळ साधण्याचे आहे.

मग वाजवितात काय? गाणे नव्हे, आकडे! तीन घंटा घ्या. १२३, २१३, २३१, ३२१, ३१२, १३२. सहा क्रम झाले. एकही दोनदा आला नाही. प्रत्येक घंटा एका वेळी एकच जागा सरकली, कारण जड घंटेला फार घाई करता येत नाही. तीन खडे मांडून तुम्हीही करून पाहा. चार घंटांचे २४ क्रम होतात, पाचांचे १२०, सातांचे ५०४०! नॉर्विच शहरातील सेंट पीटर मॅनक्रॉफ्ट या चर्चमध्ये २ मे १७१५ रोजी हे ५०४० क्रम वाजविले गेले. तीन तासांवर वेळ लागला. आणि कागद पाहून नाही बरं का, क्रम ध्यानात ठेवून!

हे घंटावाले सुटीच्या दिवशी जमून परगावी जातात आणि तिथल्या जुन्या चर्चमध्ये घंटा वाजवितात. आधी परवानगी घेतात. न विचारता दोराला हात लावायचा नाही, हा पहिला नियम. तोंड वर असलेली घंटा भलतीकडे गेली, तर दोर माणसाला उचलून नेतो. म्हणून शिकाऊ माणसाजवळ जाणता माणूस उभा राहतो.

या घंटा मध्ये मुक्या झाल्या होत्या. १९४० साली, दुसऱ्या महायुद्धात, सरकारने हुकूम काढला की शत्रू उतरला तरच घंटा वाजवायच्या. १९४३ साली बंदी उठली. त्याआधीच्या पहिल्या महायुद्धात सुमारे १४०० घंटावाले मारले गेले होते. ते युद्ध संपल्याला २०१८ साली १०० वर्षे झाली. तेव्हा तितकीच नवी माणसे तयार करायची असे ठरले. बाया, पुरुष, मुले शिकायला आली. ठरल्याहून जास्तच आली.

घंटा शेकडो वर्षे टिकते. वाजविणारा तितका टिकत नाही. आठ घंटांना आठ माणसे हवीत, आणि ती दर पिढीला नव्याने शिकवावी लागतात. तुमच्या गावातही भजनाची, लेझमीची मंडळी असतील. त्यांत यंदा नवे किती आले, ते एकदा विचारून पाहा.