जोधपूर ते जैसलमेर : गाडीने जाताना

अंतर सुमारे 285 किलोमीटर, वेळ पाच-साडेपाच तास. रस्ता सरळ आणि चांगला आहे, हीच त्याची खोड. डोळा लागतो, आणि नेमके तेव्हाच उंट किंवा गाय आडवी येते. अंधार पडायच्या आत पोहोचलेले बरे.

निम्म्याहून थोडे पुढे पोखरण लागते. 1974 आणि 1998 च्या अणुचाचण्यांमुळे हे नाव आपल्याला ठाऊक. पण चाचण्यांची जागा लष्करी हद्दीत, तिथे बघायला जाता येत नाही. जवळच रामदेवरा हे तीर्थस्थान. भाद्रपदातल्या जत्रेच्या सुमारास पायी निघालेल्या भाविकांनी रस्त्याची कड भरून जाते, तेव्हा गाडी हळूच हाकावी.

पुढे खेजडीची झाडे विरळ होतात, पवनचक्क्या वाढतात. वाळूच्या टेकड्या मात्र दिसत नाहीत. पहिल्यांदा जाणारे इथेच हिरमुसतात. त्या जैसलमेरच्याही पुढे, सम गावाजवळ, आणखी 40 किलोमीटरवर.

जैसलमेर जवळ आले की 1156 मध्ये रावळ जैसल यांनी वसवलेला तिथला पिवळ्या दगडाचा किल्ला दुरूनच दिसतो. आत आजही लोकवस्ती आहे. गल्ल्या अरुंद, तेव्हा गाडी खालीच ठेवा.