योद्धा की बोलेरो? मालवाहू पिकअप घेताना...

अमेरिकेत पिकअप म्हटले की फोर्डचा एफ-१५० किंवा जनरल मोटर्सचा शेवरोले सिल्व्हेराडो डोळ्यांसमोर येतो. आठवडाभर कामावर जाणारी आणि सुटीच्या दिवशी कुटुंबाला घेऊन सहलीला निघणारी, घरासमोर दिमाखात उभी राहणारी ही वाहने आहेत. जनरल मोटर्सने २००८ मध्ये तळेगावला कारखाना सुरू केला. डिसेंबर २०२० मध्ये तेथील उत्पादन थांबले आणि पुढे तो कारखाना ह्युंदाईकडे गेला. या संपूर्ण काळात कंपनीने सिल्व्हेराडो मात्र भारतात विक्रीस आणला नाही. याचे कारण उघड आहे. पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात पिकअप ही हौसेची वस्तू नसून रोजीरोटीचे साधन आहे. टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉस यांसारखी हौशी पिकअप येथे अधूनमधून दिसतात. पण कारखान्याच्या दाराशी उभी असते ती मालवाहू पिकअपच.

या मालवाहू वर्गात दोन टन वजन वाहून नेणारी दोन वाहने एकमेकांसमोर उभी आहेत : टाटा मोटर्सची 'योद्धा २.०' आणि महिंद्राची 'बोलेरो मॅक्स पिकअप एचडी २.०'. दोन्ही कंपन्यांचे या परिसराशी जुने नाते आहे. त्यामुळे यांतील निवड अनेकदा अभिमानाने किंवा ओळखीपाळखीने केली जाते. प्रत्यक्षात ती हिशेबाने व्हायला हवी.

दोन घराणी

आजची टाटा मोटर्स म्हणजे पूर्वीची टेल्को. या कंपनीने १९६०च्या दशकात पिंपरी-चिंचवड परिसरात पाय रोवले. १९८६ मध्ये '४०७' आणि १९८८ मध्ये 'टाटामोबाइल २०६' ही हलकी वाहने तिने बाजारात आणली. त्यांच्यामागून आलेली '२०७' तर राज्यभर 'दोनशे सात' या नावानेच ओळखली जाऊ लागली. मे २००५ मध्ये आलेल्या 'एस'ने, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेल्या 'छोटा हत्ती'ने, लहान मालवाहतुकीचे गणितच बदलून टाकले. मोठ्या पिकअपच्या वर्गात कंपनीने जानेवारी २०१७ मध्ये 'झेनॉन योद्धा' आणली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये दोन टन क्षमतेची 'योद्धा २.०' सादर केली.

महिंद्राचा वारसा जीपचा आहे. 'बोलेरो' हे नाव २००० पासून बाजारात आहे आणि त्या नावाच्या पिकअपने गेल्या दोन दशकांत या वर्गात खपाचा पहिला क्रमांक सोडलेला नाही. चाकणजवळ निघोजे येथील महिंद्राचा कारखाना २०१० मध्ये सुरू झाला. कंपनीने एप्रिल २०२३ मध्ये 'बोलेरो मॅक्स पिकअप'ची नवी मालिका आणली. तिचे दोन भाग आहेत. शहरांतर्गत वाहतुकीसाठी 'सिटी' आणि जड वाहतुकीसाठी 'एचडी'. दोन टनांचे वाहन दुसऱ्या भागात मोडते.

ताकद कोणाची अधिक?

कागदावर येथे योद्धा पुढे आहे. तिचे २.२ लिटर क्षमतेचे डिझेल इंजिन १०० अश्वशक्ती आणि २५० न्यूटन मीटर टॉर्क देते. बोलेरो मॅक्स एचडीमध्ये अडीच लिटरचे डिझेल इंजिन असून त्याची शक्ती ५९.७ किलोवॉट, म्हणजे साधारण ८० अश्वशक्ती, तर टॉर्क २२० न्यूटन मीटर आहे.

या आकड्यांचा व्यवहारातील अर्थ समजून घेतला पाहिजे. अश्वशक्ती प्रामुख्याने वेग टिकवण्याच्या कामी येते, तर टॉर्क म्हणजे उभे किंवा संथ वाहन ओढून नेणारा जोर. भोसरी, मोशी, चिंबळी फाटा, कुरुळी आणि चाकणचा तळेगाव चौक या मार्गावर मालवाहू गाडी वेगाने कमी आणि रांगत अधिक चालते. भरलेली गाडी दर पन्नास पावलांवर थांबवून पुन्हा हलवावी लागते, तेव्हा जोर कमी पडला की चालक क्लच अर्धवट दाबून ठेवतो आणि क्लच प्लेट लवकर झिजते. म्हणून अधिक टॉर्कचा उपयोग केवळ घाटात होतो, हा समज खरा नाही. बोरघाट, माळशेज किंवा ताम्हिणी मार्गे नियमित माल पाठवणाऱ्यांना मात्र योद्धाच्या वाढीव वीस अश्वशक्तींचा लाभ स्पष्टपणे जाणवेल.

याचा अर्थ बोलेरोचे इंजिन दुबळे आहे, असा नव्हे. कमी अश्वशक्ती असलेले मोठे इंजिन सहसा निवांत चालते. दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर, तेही सपाट रस्त्यावर धावणाऱ्या गाडीला शंभर अश्वशक्तीची गरज क्वचितच भासते.

वजन की जागा?

खरेदीदाराने स्वतःला विचारायचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा आहे. आपला माल आधी वजनाने गाडी भरतो की जागेने?

भोसरीतील लघुउद्योजकाचे ओतीव लोखंडाचे सुटे भाग घ्या. घन मीटरला सुमारे सात टन वजन असलेल्या या धातूचे दोन टन म्हणजे घन मीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आकारमान. भागांमधील मोकळी जागा आणि पेट्या धरल्या तरी हौद्याचा मोठा भाग रिकामाच राहतो. अशा उद्योजकाला लांबलचक हौद्याचा उपयोग नाही. त्याला मजबूत सांगाडा, दणकट पाटे आणि जोरदार इंजिन हवे. उलट थर्मोकोल, फोम, पुठ्ठ्याची खोकी किंवा रिकामे प्लास्टिक क्रेट वाहणाऱ्याची गाडी काहीशे किलोंतच काठोकाठ भरते. त्याच्यासाठी हौद्याची लांबी हीच कमाई आहे.

येथे बोलेरो मॅक्सचे पारडे जड होते. तिच्या एचडी मालिकेत ३,०५० मिलिमीटर, म्हणजे दहा फूट लांबीपर्यंतचा हौदा मिळतो. योद्धा पाहताना मात्र दालनात मोजपट्टी घेऊनच जावे आणि आपल्या नेहमीच्या पेट्या किंवा क्रेट किती बसतील, हे प्रत्यक्ष मोजावे. दोन्ही गाड्या सारख्याच 'दोन टनी' म्हटल्या गेल्या तरी हौद्याचा आकार सारखा असेल असे गृहीत धरू नये.

कांदा-बटाटा या दोन टोकांच्या मध्ये येतो. खेड बाजार समितीच्या चाकण येथील महात्मा फुले मार्केटमधून ५० किलोच्या ४० गोण्या उचलल्या की दोन टन पुरे होतात. अशा मालाला वजन आणि जागा दोन्ही लागतात.

लांब हौद्याची एक अडचणही आहे. सर्व जड माल मागच्या फाळक्याकडे ठेवला तर मागील चाकांच्या मागे वजन लटकते, पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणूवरील पकड कमी होते. जड पेट्या केबिनच्या बाजूने लावत आणणे हा साधा नियम हमालांना समजावून सांगावा लागतो. शिवाय औद्योगिक वसाहतींतील चिंचोळ्या गल्ल्यांमध्ये गाडी वळवताना आणि मागे घेताना प्रत्येक फुटाची किंमत मोजावी लागते.

फेऱ्यांचे गणित

दोन टनांची गाडी खरोखरच हवी का, हेही तपासावे. रोज आठ टन माल हलवायचा असेल तर दोन टनांची गाडी तो चार फेऱ्यांत हलवते, १.७ टनांच्या गाडीला पाच फेऱ्या कराव्या लागतात. महामार्गावरील कोंडी पाहता पाचवी फेरी म्हणजे डिझेल तर आहेच, पण रात्री उशिरापर्यंतचे कामही. मात्र रोजचा माल दीड टनाच्या पुढे जातच नसेल, तर टाटाची 'इंट्रा व्ही ५०' किंवा बोलेरो मॅक्सची 'सिटी' मालिका पाहणे शहाणपणाचे. केवळ शहरात फिरणाऱ्यांसाठी 'सिटी' मालिकेत सीएनजीचाही पर्याय आहे. मात्र सीएनजीच्या टाक्यांचे वजन आणि पंपावरील रांगेत जाणारा वेळ हिशेबात धरावा.

इंधनाबाबत जाहिरातीतील आकड्यांपेक्षा स्वतःच्या मार्गावर भरलेली गाडी चालवून पाहणे हा एकच खात्रीचा उपाय आहे. महिन्याला ३,००० किलोमीटर धावणारी गाडी लिटरला १२ किलोमीटर देत असेल तर २५० लिटर डिझेल लागते. ११ देत असेल तर सुमारे २७३ लिटर. लिटरला ९० रुपये धरल्यास लिटरमागील एका किलोमीटरचा हा फरक महिन्याला दोन हजार रुपयांवर जातो.

हप्ता थांबत नाही

समजा, आठ लाख रुपयांचे कर्ज दहा टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले. हप्ता सुमारे १७ हजार रुपये येतो. महिन्याचे कामाचे २५ दिवस धरले तर दररोज ६८० रुपये आधी बँकेचे, मग डिझेल, चालकाचा पगार, विमा आणि टायर. गाडी दुरुस्तीसाठी चार दिवस उभी राहिली तरी हप्त्याची तारीख पुढे सरकत नाही. मालक स्वतःच चालक असेल तर घरखर्चही त्याच गाडीवर चालतो. म्हणून सुटे भाग कोठे मिळतात, कार्यशाळा किती जवळ आहे आणि रस्त्यात गाडी बंद पडली तर कोण येईल, हे प्रश्न इंजिनाच्या आकड्यांइतकेच महत्त्वाचे आहेत.

या परिसरात दोन्ही कंपन्यांची सेवा सहज उपलब्ध आहे. फरक पडतो तो गाडी जुन्नर, आंबेगाव किंवा त्यापलीकडील आडगावांत जात असेल तेव्हा. बोलेरो पिकअप मोठ्या संख्येने विकली गेल्यामुळे तिचे काम जाणणारा मिस्त्री आणि तिचे सुटे भाग गावोगावी सापडतात. जुनी गाडी विकताना गिऱ्हाईक लवकर मिळते, ते याच कारणाने.

हमीच्या बाबतीत चित्र उलटे आहे. कंपन्यांनी जाहीर केलेल्या अटींनुसार योद्धाला तीन वर्षे किंवा तीन लाख किलोमीटर, तर बोलेरो मॅक्सला तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर हमी आहे. वर्षे सारखीच दिसतात, पण महिन्याला ३,००० किलोमीटर धावणाऱ्या गाडीचे एक लाख किलोमीटर दोन वर्षे नऊ महिन्यांच्या सुमारास पूर्ण होतात. दिवसरात्र दोन पाळ्यांत चालणारी गाडी ही मर्यादा दीड वर्षातही गाठू शकते. खरेदीच्या दिवशी लागू असलेल्या हमीच्या अटी लेखी घ्याव्यात.

कागदपत्रे आणि कायदा

मोटार वाहन कायद्यानुसार मालासह एकूण वजन ३,००० किलोपेक्षा अधिक नसलेल्या मालवाहू गाडीला परवाना म्हणजे परमिट लागत नाही. दोन टन माल वाहणाऱ्या या दोन्ही गाड्या ती मर्यादा ओलांडतात. त्यामुळे परमिटचा खर्च आणि खटाटोप गृहीत धरावा. लहान गाडीवरून मोठ्या गाडीकडे जाणाऱ्यांच्या हे अनेकदा उशिरा लक्षात येते.

चालकाच्या बाबतीत मात्र दिलासा आहे. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या मोटार वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी शिक्कामोर्तब केले. योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे बोलीभाषेतील 'पासिंग', गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावे लागते.

जादा माल भरण्याचा मोह टाळणेच योग्य. २०१९ मध्ये सुधारलेल्या कायद्यात त्यासाठी २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे दोन हजार रुपये दंडाची तरतूद आहे. शिवाय अपघात झाल्यास विमा कंपनी वाद उपस्थित करू शकते, ती चिंता वेगळीच.

किमतीबाबत एक बदल लक्षात ठेवण्याजोगा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू वाहनांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे त्याआधीची दरपत्रके किंवा मित्राने सांगितलेला जुना भाव तुलनेसाठी वापरू नये. जीएसटी नोंदणी असलेल्या उद्योजकाला मालवाहू गाडीवर भरलेल्या कराची वजावट नियमांनुसार मिळू शकते; याविषयी कर सल्लागाराशी आधीच बोलावे.

मग निवड कोणती?

माल आकाराने लहान पण वजनाने जड असेल, घाटातून किंवा लांब पल्ल्यावर नियमित जायचे असेल आणि गाडी वर्षाला भरपूर किलोमीटर धावणार असेल, तर योद्धा २.० अधिक योग्य ठरते. अधिक शक्ती आणि किलोमीटरची मोठी हमी या तिच्या जमेच्या बाजू. माल जागा व्यापणारा असेल, गाडी ग्रामीण भागात फिरणार असेल आणि पाच-सहा वर्षांनी विकून नवी घेण्याचा बेत असेल, तर बोलेरो मॅक्स एचडी सरस आहे.

दोन्ही दालनांत जाण्यापूर्वी मागील महिन्याच्या फेऱ्यांची वही काढावी. प्रत्येक फेरीत किती वजन, किती जागा आणि किती किलोमीटर, हे तीन रकाने भरावेत. जो रकाना सर्वाधिक वेळा काठाला लागलेला दिसेल, त्यावरून आपल्याला कोणती गाडी हवी ते ठरेल.