गावाचा पैसा आणि गावाची जागा

समुद्रपूर तालुक्यातल्या कोणत्याही गावी जा. मांडगाव घ्या, कोरा घ्या, नाहीतर हळदीचे वायगाव घ्या. घरपट्टीची मागणी दारात आली की ओट्यावर एकच बोलणे ऐकू येते. "पट्टी वाढवली. आमाले कोन इचारलं?"

प्रश्न बरोबर आहे. पण तो ओट्यावर विचारून भागत नाही. तो विचारायची एक जागा आहे. तिचे नाव ग्रामसभा. त्या जागी काय काय विचारता येते, ते आज आपण पाहू.

आधी पंचायतीचा पैसा येतो कुठून ते पाहू. घरपट्टी येते. दिवाबत्तीचा कर येतो, पाणीपट्टी येते. आठवडी बाजार भरत असेल तर बाजाराची फी येते. पंचायतीने गाळे बांधले असतील तर त्यांचे भाडे येते. बाकी पैसा सरकारकडून येतो. हा सारा पैसा पुढच्या वर्षी कसा येईल व कशावर खर्च होईल, याचा आधी मांडलेला हिशेब म्हणजे अंदाजपत्रक. शब्द मोठा आहे, काम ओळखीचे आहे. कपाशी पेरण्याआधी आपण मनाशी हिशेब मांडतोच ना? बियाणे इतक्याचे, खत इतक्याचे, निंदणाला इतके, वेचणीला इतके. पंचायतही तेच करते. फरक इतकाच की तुमचा हिशेब तुमच्या पैशाचा असतो आणि पंचायतीचा हिशेब सगळ्यांच्या पैशाचा.

त्या हिशेबाला काही बंधने आहेत. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकांसाठी आणि ५ टक्के अपंगांसाठी खर्च करायचे असतात. ते झाले की नाही, एवढे विचारले तरी पुष्कळ उजेड पडतो.

पंचायतीचा कायदा १९५८ सालचा आहे. तेव्हा त्याला मुंबई ग्रामपंचायत अधिनियम म्हणत. आता महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम म्हणतात. पुढे १९९३ साली राज्यघटनेची ७३वी दुरुस्ती अमलात आली व ग्रामसभेला घटनेतच जागा मिळाली. ज्याचे नाव गावच्या मतदारयादीत आहे, तो प्रत्येक माणूस ग्रामसभेचा सभासद. त्याला वर्गणी नाही, अर्ज नाही. वर्षाला निदान चार सभा घ्याव्या लागतात. बहुतेक गावी त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास होतात. वर्षाची पहिली सभा एप्रिलनंतरची. तिचे मोल सर्वांत जास्त, कारण मागच्या वर्षाचा जमाखर्च आणि हिशेब तपासणीचे शेरे तिच्यापुढे ठेवावे लागतात. नेमक्या त्याच सभेला माणसे कमी असतात. लग्नसराई असते, ऊन असते.

सभेला किती माणसे लागतात? मतदारांपैकी १५ टक्के किंवा १००, यांत जो आकडा लहान असेल तितकी. गावात ६०० मतदार असतील तर ९० माणसे हवीत. २००० असतील तर १०० पुरेत. तितकी जमली नाहीत तर सभा तहकूब होते. इथे नीट लक्ष द्या. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते, तेव्हा माणसांच्या संख्येची अट राहत नाही. दहा माणसे आली तरी सभा होते आणि ठराव होतो. आपण गेलो नाही म्हणजे सभाच होणार नाही, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती चुकीची आहे. आपण घरी बसतो, ठराव थांबत नाही.

बायांसाठी आणखी एक सोय आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. काही ठिकाणी ती फक्त कागदावर भरते, असे ऐकू येते. असे होत असेल तर चार बायांनी मिळून पंचायतीत जावे व विचारावे, "आमची सभा कधी झाली? सह्या कोणाच्या आहेत?"

आता घरपट्टी. डिसेंबर २०१५ मध्ये सरकारने नियम बदलला. त्यानंतर घराच्या व जागेच्या किमतीवर पट्टी बसते. घर मातीचे की सिमेंटचे, किती जुने, राहण्याचे की धंद्याचे, हे त्यात धरतात. आता मुद्द्याची गोष्ट. हजार रुपये किमतीमागे किती पट्टी, त्याची खालची व वरची हद्द सरकारने घालून दिली आहे. दोहोंच्या मधला कोणता दर धरायचा, हे पंचायत ठरवते. म्हणून "सरकारनं वाढवली" एवढ्या उत्तरावर उठून येऊ नये. "आपल्या पंचायतीने कोणता दर धरला? ठराव कधी झाला?" असे पुसावे. आकारणीची यादी लागते तेव्हा हरकत घेण्याची मुदत दिलेली असते. त्या मुदतीत लेखी हरकत द्यावी. तिने काम झाले नाही तर पंचायत समितीकडे अपील करता येते. तुमच्या घराची नोंद नमुना ८ मध्ये सापडेल. मात्र नमुना ८ ही कराची वही आहे. त्यात नाव आहे म्हणून मालकी सिद्ध होत नाही.

गाळ्यांची गोष्ट घरपट्टीपेक्षा नाजूक असते, कारण गाळे घेणारे आपल्याच गावचे असतात. समजा पंचायतीचे ६ गाळे आहेत. जुन्या करारात भाडे महिना ३०० रुपये. शेजारी खाजगी गाळा १००० रुपयांना जातो. दर गाळ्यामागे महिना ७०० रुपये सुटतात. सहा गाळ्यांचे वर्षाचे झाले ५०,४००. तेवढी नाली बांधायची राहिली, असे समजा. भाडे वाढवावेच, असे आम्ही म्हणत नाही. एखादी विधवा बाई पिठाची चक्की चालवत असेल तर गाव म्हणेल, राहू द्या. पण ते गावाने डोळे उघडे ठेवून म्हणावे. करार कोणाशी आहे, कधी संपतो, भाडे थकले का, की मूळ भाडेकऱ्याने गाळा दुसऱ्यालाच देऊन टाकला? हे सभेत वाचून दाखवायला सांगावे.

जागा विकण्याचा विषय निघाला तर जास्तच जागे राहावे. पंचायतीची जागा सरपंच एकटा विकू शकत नाही. पंचायतीचा ठराव लागतो, आणि जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची मंजुरी आधी लागते. ती नसेल तर विक्री कायद्याने टिकत नाही. गायरान, तळे यांसारख्या सामाईक जागांबद्दल सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०११ मध्ये निकाल दिला. अशा जागांवरची अतिक्रमणे काढून त्या गावाला परत द्याव्यात, असे सर्व राज्यांना बजावले. दाम एकदा येतो आणि खर्चून जातो. जागा मात्र परत येत नाही.

दुसऱ्या देशांतही हाच पेच आहे. इंग्लंडात नगरपालिका घरे बांधून लोकांना भाड्याने देतात. १९१९ च्या कायद्यानंतर ते काम वाढले. १९८० च्या कायद्याने भाडेकऱ्यांना आपले घर विकत घेण्याचा हक्क मिळाला व लाखो घरे विकली गेली. ज्यांनी घेतली ते मालक झाले. मागून येणाऱ्या गरिबाला भाड्याची घरे कमी उरली. घरांच्या व्यवस्थेत मोठा बदल करण्याआधी भाडेकऱ्यांचे मत घ्यावे, असे १९८५ च्या कायद्याने ठरवले, पण भाडे किती हा विषय त्यातून वगळला! विचारणे वेगळे आणि ठरवणे वेगळे. आपल्याकडेही अंदाजपत्रक मंजूर करतात ते पंचायतीचे सदस्य. ग्रामसभा विचारते, सुचवते, हिशेब मागते. पण शंभर माणसांसमोर मागितलेला हिशेब टाळणे कोणत्याही सदस्याला सोपे नसते.

खुद्द समुद्रपुरात मात्र वेगळे आहे. तिथे आता नगरपंचायत आहे. तिथे गावासारखी ग्रामसभा नाही. अंदाजपत्रक नगरसेवक मंजूर करतात. तिथल्या माणसाने आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला गाठावे, आणि कराची यादी लागली की मुदतीत हरकत द्यावी.

सभेत बोलताना एक पथ्य पाळावे. सरपंच आपला भाऊबंद असो की वैरी, प्रश्न हिशेबाचा ठेवावा. "तू खाल्ले" म्हटले की भांडण होते आणि हिशेब बाजूला राहतो. "सरपंचसाहेब, या कामाचे किती मंजूर झाले व किती खर्च झाले?" असे म्हटले की आकडा सांगावाच लागतो. जो ठराव झाला तो सही करण्याआधी वाचून घ्यावा. कोऱ्या पानावर तर सही करूच नये. ठराव लिहिणाऱ्या ग्रामसेवकाला २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. लोकांच्या तोंडी ग्रामसेवकच आहे. त्याच्याकडे ठरावाची नक्कल मागावी. तोंडी मागून मिळाली नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करावा. अर्जाची फी १० रुपये आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही. उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून सही, शिक्का व तारीख घ्यावी. ते ३० दिवस त्या तारखेपासून मोजायचे.